उरलेला भात

श्रावणातला सोमवार होता. संध्याकाळी उपास सोडायला वालाचं बिरडं करायचं, म्हणून मावशी मागच्या पडवीत परात घेऊन बसल्या होत्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यात होते, पाण्याला तो ओळखीचा उग्र वास, आणि बोटांच्या चिमटीतून एकेक डाळिंबी सुटून परातीत पडत होती. कर्जतहून कडावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत हा वृद्धाश्रम आहे. माझी आत्या इथे राहते. तिला भेटून झालं, ती झोपली, आणि मी मावशींना हात लावायला बसले. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि पहिलं वाक्य माझ्यासाठीच होतं.

"आधी साबणाने हात धुऊन या. लोकलमधून आलात ना?"

मी उठले, हात धुतले आणि परत बसले. मावशींनी वर पाहिलं नाही.

सिस्टर एका ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झाल्या. आठवड्यातून दोनदा इथे येतात, रक्तदाब आणि साखर तपासतात, गोळ्यांचे डबे भरून जातात. स्वयंपाकघरात त्या पूर्वी डोकावत नसत. जुलैमध्ये एका सकाळी नाश्त्याला फोडणीचा भात झाला आणि साडेदहाच्या आत आठ जणांना उलट्या सुरू झाल्या. सगळे बरे झाले, पण ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींना तीन दिवस सलाईनवर काढावे लागले. तेव्हापासून सिस्टर आल्या की आधी स्वयंपाकघरात जातात. मावशी इथे सतरा वर्षं चाळीस माणसांचा स्वयंपाक करतात. डोंगरपायथ्याच्या एका ठाकूरवाडीतून पहाटे चालत येतात. त्या सकाळपासून या दोघींमध्ये जे चाललं आहे त्याला मी भांडण म्हणणार नाही. दोघींनाही ती आजी प्रिय आहे.

"उद्या नाश्त्याला काय?" सिस्टरांनी विचारलं.

"उपमा. भात उरला तर फोडणीचा भात."

"उरला तर टाकायचा. आपलं ठरलंय, मावशी."

"तुमचं ठरलंय, सिस्टर. माझं नाय ठरलं अजून." मावशींचे हात चालूच होते. "पाऊस लागला की म्हातारी माणसं जेवत नाहीत. किती जेवतील ते मला दुपारी कसं कळणार? टोप उतरवला की कळतं. मग दोन किलो भात मी उकिरड्यावर टाकू? मी लहान असताना आमच्याकडे नाचणी, वरी. भात सणाला. माझा हात नाय उचलत भात टाकायला. आणि तुम्हीच सांगितलं होतं, चांगलं तापवलं की जंतू मरतात. मी कढईत वाफ येईस्तोवर परतते."

"जंतू मरतात. विष मरत नाही." सिस्टर पाटावर बसल्या. "हे बघा, तांदळात शेताच्या मातीतून एक जंतू येतो. बॅसिलस सिरियस त्याचं नाव. भात उकळतो तेव्हा तो कवचात शिरून बसतो, बी असतं ना तसा. उकळीने त्याला काही होत नाही. हे वाल तुम्ही मोडाला कसे ठेवता?"

"फडक्यात बांधून, उबेला."

"मग रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत ओट्यावरचा झाकलेला टोप म्हणजे त्या जंतूसाठी तेच फडकं आणि तीच ऊब. तो रुजतो, वाढतो आणि भातात विष सोडतो. ते जिवंत नसतंच, मग फोडणीत मरणार कसं? आणि खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. आपल्याकडे अडीच तासांत झाल्या."

मावशींनी एक डाळिंबी बराच वेळ बोटात धरून ठेवली.

"वास आला असता. मी कढईत टाकायच्या आधी वास घेते. सतरा वर्षं घेते."

"येत नाही. तेच तर आहे."

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण मावशींचं म्हणणं ते माझ्या आईचं आणि आजीचंही होतं. आपलं सगळं स्वयंपाकघर नाकावर चालतं. आंबलं, विटलं, उतरलं, नासलं, खवट झालं: अन्न बिघडल्याच्या प्रत्येक पायरीला मराठीत वेगळा शब्द आहे आणि बाईचं नाक त्यातली प्रत्येक पायरी ओळखतं. पण हे शब्द अन्नाची चव घालवणाऱ्या जंतूंचे आहेत. माणसाला आडवं करणारे जंतू बऱ्याचदा चव बदलत नाहीत, वास बदलत नाहीत, तारही सुटू देत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. विषबाधा म्हणावं, तर तो शब्द ऐकून माणूस विष कोणी घातलं ते शोधू लागतो. खालापूर तालुक्यात तर हे फार खरं आहे. २०१८ च्या जूनमध्ये महडला वास्तुशांतीच्या जेवणात कीटकनाशक मिसळलं गेलं आणि लहान मुलांसह माणसं दगावली. तो गुन्हा होता. या पट्ट्यात विषबाधा म्हटलं की लोकांना अजून तेच आठवतं, आणि पहिली नजर स्वयंपाक करणारीकडे जाते. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या टोपाकडे जात नाही.

मावशींनाही जुलैमध्ये तेच सोसावं लागलं होतं. "एका आजींच्या मुलीने मला विचारलं, मावशी, तुम्ही काय घातलंत? काय घातलंत म्हणजे?" त्यांनी परात हलवली. "मी पण तोच भात खाल्ला होता. मला काय झालं नाय."

"तुमचं पोट पन्नाशीचं आहे, आणि दिवसभर राबणारं," सिस्टर म्हणाल्या. "पोटातलं आम्ल हा पहिला पहारेकरी. इथल्या निम्म्या माणसांना ॲसिडिटीची गोळी चालू आहे, म्हणजे तो पहारेकरी आपणच निजवला आहे. वयाने अंगातली ताकद उतरलेली. तहान लागलेली कळत नाही, म्हणून चार उलट्यांत शरीर कोरडं पडतं. काहींना तर पोटात दुखतंय हे सांगताही येत नाही. तुम्हाला सोसलं म्हणून त्यांना सोसेल, असं नाही."

याचा सगळ्यात कठोर दाखला इंग्लंडमधला आहे. १९८४ च्या ऑगस्टमध्ये वेकफिल्डच्या स्टॅन्ली रॉइड या मनोरुग्णालयात साल्मोनेलाची साथ उसळली. शिजवलेलं मांस उन्हाळ्याच्या दिवसांत कित्येक तास फ्रिजबाहेर राहिलं होतं. ३५५ रुग्ण आणि १०६ कर्मचारी आजारी पडले. मेले ते १९ जण सगळे रुग्ण होते. तेव्हा तिथल्या सरकारी रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांवर अन्नस्वच्छतेच्या कायद्याने खटला भरता येत नसे, कारण ती राजसत्तेची मालमत्ता. या मृत्यूंनंतर १९८६ मध्ये ती सूट काढली गेली. आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अशी पळवाट मुळातच ठेवलेली नाही. नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, अन्नाचा व्यवहार म्हणजे व्यवहार. म्हणजे धर्मादाय वृद्धाश्रमाची चूलही त्यात आली आणि आश्रमशाळेचीही.

या डोंगराच्या कुशीत अशा चुली बऱ्याच आहेत. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते. त्या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळा आहेत, त्यांत ठाकूर-कातकऱ्यांची मुलं शिकतात. वृद्धाश्रम आहेत, कारण हवा चांगली आणि मुंबईहून लोकल येते. या सगळ्या ठिकाणी जेवणारा माणूस ताट सरकवून दुसरीकडे जेवायला जाऊ शकत नाही. हॉटेलात आणि इथे मला दिसणारा मोठा फरक हाच आहे.

सिस्टरांनी मग मावशींचं बोट धरलं. डाव्या तर्जनीवर विळीची जखम होती, चिंधी बांधलेली आणि वालाच्या पाण्याने भिजलेली.

"ही अशी उघडी नको. जखमेत स्टॅफिलोकोकस असतो, नाकातही असतो. तोही विष सोडतो, आणि त्याचं विषही उकळून जात नाही. पट्टी लावा, वरून बोटाचं रबरी टोपण घाला. मी डबीत ठेवलंय."

"ते घातलं की साल निघत नाय."

"मग आज वाल दुसऱ्या कुणी सोलायचे."

मावशींनी हात काढून घेतला. बराच वेळ फक्त पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज होता. मग त्या माझ्याकडे बघून बोलल्या, सिस्टरांकडे नाही.

"ताई, मी पहिल्या वर्षी आले तेव्हा एक आजोबा माझ्या हातचं पाणी घ्यायचे नाहीत. वाडीची बाई म्हणून. मी आंघोळ करून यायची, चपला बाहेर, देवाला निवद दाखवल्याशिवाय कुणाला वाढत नव्हते. तरी नाय. दोन वर्षांनी ते अंथरुणाला लागले तेव्हा मीच त्यांना पेज भरवली. गेले ते. आता कुणी स्वच्छता शिकवायला आलं आणि आधी माझा हात बघितला, की मला ते आजोबा आठवतात."

याला सिस्टरांकडे लगेच उत्तर नव्हतं. नंतर त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. रुग्णालयात एकदा सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले होते, डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत. त्यांच्या स्वतःच्या हाताच्या नमुन्यात जंतू वाढले, आणि त्या दिवशी त्यांनी तीन बाळंतिणींना हात लावला होता. "मी घरी जाऊन रडले. मला वाटायचं, मी स्वच्छ आहे. स्वच्छ असणं आणि आत्ता हात धुतलेले असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मावशी. मी तुमच्या हाताची जात बघत नाही. तो हात मगाशी कशाला लागला, एवढंच बघते."

मग त्या अशा गोष्टींवर आल्या की मलाही नवल वाटलं. मावशी आमटीची चव घेतात ती पळीतून तळहातावर थेंब टाकून. पळी तोंडाला लागत नाही, आणि हात लगेच धुतला जातो. पिण्याचं पाणी पिंपातून ओगराळ्याने काढतात, पेला आत बुडत नाही. उष्टं-खरकटं वेगळं ठेवण्याचं आपलं जे वळण आहे, त्यात लाळेतून पसरणाऱ्या रोगांपासून बचाव आहे, आणि सिस्टरांनी तो मोकळेपणाने मान्य केला. पण त्याच स्वयंपाकघरात एकच ओलं फडकं ओटा पुसतं, गरम टोप उतरवतं आणि हातही कोरडे करतं. सोवळ्याच्या हिशेबात ते शुद्ध आहे. जंतूंच्या हिशेबात खोलीतली सगळ्यात घाण वस्तू तीच. दोन्ही हिशेब एकाच बाईच्या हातात असतात, आणि ती कुठल्या हिशेबाने चालली आहे हे वरून दिसत नाही.

सिस्टरांनी मेरी मॅलनची गोष्ट काढली ती बहुतेक हाताचा मुद्दा पुरा करायला. नर्सिंगच्या अभ्यासात ती असते. मेरी ही न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाक करणारी आयरिश बाई. स्वतः ठणठणीत, पण अंगात टायफॉइडचे जंतू. जिथे कामाला लागे तिथे घरात ताप शिरे. १९०७ मध्ये तिला शोधून काढलं आणि एका बेटावर ठेवलं. संशय होता तो तिच्या पीचच्या आइस्क्रीमवर, कारण शिजवलेल्या पदार्थात हे जंतू मरतात, न शिजवलेल्यात नाहीत. "म्हणून मी कोशिंबिरीच्या मागे लागते," सिस्टर म्हणाल्या. "१९१० मध्ये तिला सोडलं, पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर. १९१५ मध्ये सापडली ती एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात, नाव बदलून. तिथे पंचवीस जणांना टायफॉइड झाला, दोघं गेली. मग मरेपर्यंत, १९३८ पर्यंत, तिला बेटावरच ठेवलं."

मावशींनी विचारलं, "सोडलं तेव्हा तिला दुसरं काय काम दिलं?"

"धुणं धुवायचं."

"पैसे?"

"स्वयंपाकापेक्षा कमी."

"मग?"

एवढंच म्हणून त्या पुन्हा सोलू लागल्या. सिस्टर गप्प होत्या. मीही. या गोष्टीत ही जागा आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मेरीने डॉक्टरांचं ऐकलं नाही, हे सगळेच सांगतात.

"जुलैमध्ये," मावशी म्हणाल्या, "आपली ती भाजी चिरणारी पोरगी. तिला दोन दिवस हगवण लागली होती. मला माहीत होतं. तुम्हाला नाय सांगितलं."

सिस्टर ताठ बसल्या. "मावशी! सांगायला हवं होतं. जुलाब थांबल्यावरसुद्धा दोन दिवस अन्नाला हात लावायचा नसतो. ती काकड्या चोचवत होती!"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी पाठवलं असतं. तुमचं बरोबरच असतं. पण घरी पाठवलं की खाडा. चार दिवस खाडा म्हणजे चार दिवसांचा रोज गेला. घरी दोन पोरं, नवरा वीटभट्टीवरून येऊन बसलेला, पावसात काम नाय. ती मला म्हणाली, मावशी, मी हात धुते, पण घरी नको पाठवू. मी तिला भांडी घासायला लावलं. मला जेवढं कळलं तेवढं केलं."

"पण काकड्या?"

"काकड्या तिने पहिल्या दिवशी चोचवल्या. मला कळायच्या आधी."

माझं मत मी इथेच सांगते. भाताच्या बाबतीत सिस्टर शंभर टक्के बरोबर आहेत, आणि तिथे अनुभवाला, मायेला, सतरा वर्षांना काही वजन नाही. पण खाड्याच्या बाबतीत मावशींचं म्हणणं त्यांच्याही पुढचं आहे. नियम सांगतात की स्वयंपाक करणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी, टायफॉइडसारख्या रोगांची लस टोचावी, आजारी माणसाने अन्नाला हात लावू नये. सगळं रास्त आहे. मात्र वर्षातून एका दिवशी घेतलेला दाखला जुलैतल्या मंगळवारी लागलेली हगवण पकडत नाही. ती फक्त त्या बाईला माहीत असते, आणि तिने सांगावं असं वाटत असेल तर सांगण्याची किंमत तिच्या रोजातून कापता येणार नाही. या स्वयंपाकघरात तीन बायका आहेत. प्रत्येकीला पावसाळ्यात तीन दिवसांची भरपगारी आजाररजा दिली, तर नऊ दिवसांचे रोज होतात. विश्वस्तांनी हातमोज्यांची खोकी आणली, भिंतीवर हात धुण्याचं चित्र लावलं. हे नऊ दिवस कोणी मांडलेच नाहीत. (हातमोज्यांबद्दल त्या दोघींचं एकमत आहे, ते नोंदवते: मोजा घातलेला हात नळ उघडतो, मोबाइल घेतो, पदर सावरतो, आणि घालणारीला वाटतं आपण स्वच्छ आहोत.)

मोठं आणि यांत्रिक केलं की हे प्रश्न सुटतील, असं मला पूर्वी वाटायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातल्या सुमारे २० आश्रमशाळांतल्या अडीचशेच्या आसपास मुलांना उलट्या-जुलाब झाले. त्यांचं जेवण बोईसरजवळच्या कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येत होतं. सिस्टरांना अजूनही मध्यवर्ती स्वयंपाकघर आवडतं, कारण तिथे तापमान मोजता येतं आणि प्रशिक्षित माणसं ठेवता येतात. मावशींचा प्रश्न वेगळा होता: "चूल तिकडे आणि ताट इकडे, मग मधल्या वाटेत भात किती वेळ कोमट?" गरम अन्न साठ अंशांच्या वर किंवा थंड अन्न पाचच्या खाली, मधली सगळी जागा जंतूंची, हे शास्त्र त्यांनी आपल्या भाषेत अचूक पकडलं होतं. जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो असं धरलं तर आठ तासांत एकाचे एक कोटी सदुसष्ट लाख होतात. मी तो गुणाकार मोबाइलवर करून दाखवला. मावशींनी आकडा बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे वेळ मोजायचा. माणूस नाय."

तिथून दोघींचं बोलणं कामाचं झालं. भात टोपात ठेवला तर पोटातला गोळा मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो, उसळीच्या मोठ्या पातेल्याचंही तसंच. म्हणून दोन परातींत दोन बोटं जाडीचा पसरायचा, पंख्याखाली वाफ घालवायची आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तसा ठेवलेला भात सकाळी चांगला वाफवून फोडणीला टाकला तर सिस्टरांची हरकत नाही. हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.

"आणि लाईट गेली तर?"

पावसाळ्यात इथे वीज जाते. खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ पासून आहे, भिवपुरीला दुसरं, आणि त्यांनी सोडलेल्या पाण्यावर पाताळगंगा आणि उल्हास उन्हाळ्यातही वाहतात. पण वाडीवस्तीवरची तार वाऱ्याने तुटली की रात्र अंधारात जाते. फ्रिजचं दार उघडलं नाही तर चारेक तास थंडावा टिकतो. त्यानंतर ज्या भाताबद्दल शंका आली तो टाकायचा. मावशी "टाकायचा" हा शब्द ऐकून गप्प झाल्या, पण या वेळी नाही म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळाने त्या उठल्या. हात साबणाने धुतले, मनगटापर्यंत, डबीतली पट्टी लावली, आणि म्हणाल्या, "उरूच नये असं करते." मी त्यांच्यामागून गेले. त्या एकेका खोलीत डोकावल्या. आजी, आज भात किती? आजोबा, बिरडं आहे, पोळी की भात? माझ्या आत्याने दोन बोटं दाखवली, दोन घास. सगळ्या खोल्या झाल्यावर पिंपातून घेतलेल्या तांदळातलं एक मापटं त्यांनी परत पिंपात ओतलं.

पडवीत सिस्टर वहीच्या मागच्या पानावर विश्वस्तांना अर्ज लिहीत होत्या. पहिली ओळ झाली होती: स्वयंपाकघराच्या दाराशी हात धुण्यासाठी वेगळा नळ बसवावा. मावशींनी ती वाचून दाखवायला सांगितली.

"नळ पायजेच," त्या म्हणाल्या. "पण आधी खाडा लिहा."

सिस्टरांनी पान फाडलं आणि नव्या पानावर तारीख घातली.